भात्यांवर उडणारं विमान

हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर रात्री एकनंतर चक्कर मारा. एखाद्या तरी खोलीत एफ-१६ हवेत असतंच. कीबोर्डवर बसलेला एक पायलट, त्याच्या खांद्यावरून डोकावणारी तीन-चार डोकी आणि न विचारता सल्ले देणारे दोघं. पायलट रनवेकडे वळतो. वेग जास्त, नाक खाली, चाकं बाहेर काढायची राहिलेली, आणि धडाम! सगळे खिदळतात, पायलट दोन शिव्या हासडतो, एक बटण दाबतो आणि तेच विमान परत रनवेच्या टोकाला चकचकीत उभं. तासाभरात पाच वेळा ‘मेलेला’ हा प्राणी सकाळी आठच्या लेक्चरला, उशिरा का होईना, हजर असतो.

मित्रहो, ते परत सुरू करायचं बटण आपल्याला इतकं सवयीचं झालंय, की त्याची किंमत कळत नाही. विमानं नवी होती तेव्हा शिकाऊ पायलटला हे बटण नव्हतं. चूक झाली की विमान गेलं, आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर माणूसही गेला. चूक करा, जिवंत राहा आणि पुन्हा करून बघा, ही सोय ज्या माणसाने कामाला येईल अशा रूपात पहिल्यांदा तयार केली, त्याचं नाव एडविन अल्बर्ट लिंक. आजच्या प्रत्येक फ्लाइट सिम्युलेटरचं मूळ शोधत गेलं, की त्याच्या निळ्या लाकडी डब्यापाशी पोचता येतं. गंमत म्हणजे या माणसाकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. तो पियानो आणि ऑर्गन दुरुस्त करायचा!

पियानोच्या कारखान्यातलं पोर

एड लिंकचा जन्म २६ जुलै १९०४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हंटिंग्टन गावचा. १९१० मध्ये घरातली सगळी मंडळी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी आली. तिथे वाद्यं बनवणारी एक कंपनी बुडाली होती. एडच्या वडिलांनी ती विकत घेतली आणि पुढे तिचं नाव झालं लिंक पियानो अँड ऑर्गन कंपनी. आपोआप वाजणारे पियानो आणि मूकपटांच्या थिएटरात लागणारे मोठमोठे ऑर्गन तिथे बनायचे. पडद्यावर आवाज नसायचा, म्हणून खाली बसून कोणीतरी ऑर्गन वाजवायचा. असे ऑर्गन जुळवणं, दुरुस्त करणं हे एडचं काम. पोराचं शाळेत फारसं लक्ष नव्हतं, हातात मात्र कला होती.

इथे जरा थांबून त्या पियानोचं पोट उघडून बघू, कारण पुढची सगळी कथा त्या पोटातूनच निघते. आपली बाजाची पेटी तुम्ही पाहिली असेल. मागचा भाता हलवला की हवा दाबली जाते आणि सूर निघतो. आपोआप वाजणाऱ्या पियानोत याच्या उलट काम चालतं. पंप हवा शोषून घेतो. आत प्रत्येक सुरासाठी एक छोटासा भाता असतो. भोकं पाडलेला कागदाचा रोल एका पट्टीवरून सरकतो. जिथे भोक येतं तिथून हवा आत शिरते, तिच्यामुळे एक झडप उघडते, त्या सुराचा भाता शोषणाने चटकन मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. भोक म्हणजे सूर, भोक नाही म्हणजे शांतता. आपल्या भाषेत सांगायचं तर एक आणि शून्य! विजेच्या तारेचं काम इथे हवेची नळी करत होती. भाते, झडपा आणि नळ्या वापरून हवेकडून हवी तशी हालचाल कशी करून घ्यायची, हे एडला बोटांच्या टोकांवर येत होतं.

पन्नास डॉलर आणि कोरडे हात

१९२० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, एड कॅलिफोर्नियात असताना विमान शिकायला गेला. चार्ली चॅप्लिनचा भाऊ सिडनी चॅप्लिन याच्या विमान कंपनीत त्याने पहिला धडा घेतला. फी पन्नास डॉलर, म्हणजे त्या काळी भलतीच मोठी रक्कम. शिकवणाऱ्याने काय केलं? तासातला बराचसा वेळ कोलांट्या मारल्या, गिरक्या घेतल्या, जमिनीलगत सुसाट विमान नेलं आणि खाली उतरवलं. एडला कंट्रोलच्या दांड्याला बोटसुद्धा लावायला मिळालं नाही. पैसे गेले, शिक्षण शून्य!

दुसरा कोणी असता तर नाद सोडून देता. याने सोडला नाही. कारखान्यात काम करायचं, पैसे साठवायचे, मिळेल तिथे उडायचं, असं करत करत काही वर्षांत तो चांगला पायलट झाला. पण तो पहिला तास त्याच्या डोक्यातून गेला नाही. विमान शिकणं इतकं महाग का? कारण शिकवण्याची एकच जागा होती, ती म्हणजे आकाश. आणि आकाशात शिकवणारा बिचारा स्वतःचा जीव शिकाऊ पोराच्या हातात द्यायला घाबरणारच. त्याचंही काही चुकत नव्हतं.

मग जमिनीवरच शिकवता आलं तर? ही कल्पना अगदी नवी होती असं नाही. १९१० च्या आसपास फ्रान्समध्ये अर्धं पिंप आडवं ठेवून त्यात शिकाऊ माणसाला बसवायचे आणि बाहेरची माणसं ते पिंप हातांनी हलवायची. पण त्यात एक मोठी खोट होती. माणूस दांडा हलवतो आणि विमान त्याला उत्तर देतं, हे उत्तरच तिथे खरं नव्हतं. ते बाहेरच्या माणसांच्या मर्जीवर होतं.

तळघरातले दिवस

१९२७ ते १९२९ या काळात एडने वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात एक विचित्र वस्तू बनवली. बुटकं लाकडी विमान, पंख आखूड, शेपटी नावापुरती, आत एकच खुर्ची. हे सगळं चारही बाजूंना झुकू शकेल अशा एका सांध्यावर उभं. खाली चार बाजूंना चार भाते, अगदी ऑर्गनमधले असतात तसे. विजेवर चालणारा पंप हवा शोषून घ्यायचा. दांडा डावीकडे नेला की झडप उघडायची, डाव्या बाजूचा भाता मिटायचा आणि विमान डावीकडे झुकायचं. दांडा मागे ओढला की नाक वर. पायाखालचे पेडल दाबले की अख्खा डबा बुंध्यावर गोल फिरायचा, आणि तो फिरवणारी मोटरसुद्धा भात्यांचीच!

म्हणजे पियानोत जे काम हातोडी हलवायला व्हायचं, तेच काम आता माणसाला बसवून विमान हलवायला व्हायला लागलं. ‘इंटरडिसिप्लिनरी’ हा शब्द आपण सेमिनारमध्ये टाळ्यांसाठी वापरतो. एडने तो न वापरता करून दाखवला.

एप्रिल १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३१ मध्ये पेटंट मिळालं. त्या पेटंटच्या नावातच दोन उपयोग होते: शिकाऊ वैमानिकांना शिकवणं आणि करमणूक. आता तुम्हीच सांगा, यातलं काय आधी खपलं असेल? अर्थात करमणूक! विमान शिकवणाऱ्या शाळांनी त्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो विकत घेतला जत्रेतल्या खेळवाल्यांनी, म्हणजे अमेरिकेतल्या अम्युझमेंट पार्कांनी. नाणं टाका आणि विमानात बसल्याची मजा घ्या. जगातल्या पहिल्या गंभीर सिम्युलेटरच्या आयुष्याची सुरुवात गेम म्हणून झाली. सिम्युलेटरवर बसलात म्हणून रेक्टर ओरडले तर हा मुद्दा जरूर मांडा. (परिणामांना लेखक जबाबदार नाही.)

त्यात जागतिक मंदी आली. थिएटरात बोलपट आले आणि ऑर्गनचा धंदाही बसला. एडने विमान शाळा काढली, जमिनीवरच्या डब्यात आधी शिकवून स्वस्तात विमान शिकवायला सुरुवात केली. तेवढ्याने भागेना. मग त्याने विमानाच्या पंखांखाली दिवे लावून रात्री आकाशात जाहिराती दाखवायचा उद्योग केला. दिवे कधी लागायचे, कधी विझायचे हे कशाने ठरायचं? पियानोच्या भोकं पाडलेल्या रोलने! १९३१ मध्ये त्याने मॅरियन क्लेटन या पत्रकार मुलीशी लग्न केलं. पुढच्या सगळ्या धंद्यात, आणि नंतरच्या सगळ्या मोहिमांत, ती बरोबरीने होती.

कान खोटं बोलतात

आता त्या काळच्या पायलटांचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, ते बघू. इंजिन नव्हे, ढग!

आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळतोय. पण विमान एकाच गतीने बराच वेळ वळत राहिलं, तर द्रवही त्याच गतीने फिरायला लागतो आणि मेंदूला वाटतं, आपण सरळ चाललोय. खिडकीतून क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात किंवा धुक्यात क्षितिज नसतं. अशा वेळी पायलटने विमान खरंच सरळ केलं, तर त्याला वाटतं आपण उलट्या दिशेला वळलो. मग तो ते ‘सुधारायला’ जातो, विमान परत वळतं, नाक खाली जातं, वेग वाढतो, आणि ढगातून बाहेर येईपर्यंत जमीन समोर असते. पायलट हुशार असला, धाडसी असला, तरी कान तेच असतात.

यावर उपाय एकच. स्वतःच्या अंगाला काय वाटतं ते बाजूला ठेवायचं आणि समोरच्या डायलवर विश्वास ठेवायचा. सप्टेंबर १९२९ मध्ये जेम्स डूलिटल याने बाहेरचं काहीही न बघता, फक्त उपकरणांवर विमान उडवून आणि उतरवून दाखवलं. म्हणजे हे शक्य आहे एवढं सिद्ध झालं. पण शेकडो पायलटांना ही सवय लावायची कशी? ढगात नेऊन? तिथे चूक झाली तर परत कोण आणणार?

लिंकच्या डब्याला इथे खरं काम मिळालं. त्याने आत उपकरणं बसवली आणि वर झाकण बसवलं. झाकण लावलं की आत काळोख, समोर फक्त डायल. डबा उंच जात नसे, पण आतल्या एका टाकीतला हवेचा दाब बदलायचा आणि त्यावर उंचीचा काटा हलायचा. बाहेर टेबलाशी शिक्षक बसायचा. टेबलावर नकाशा आणि त्याच्यावर फिरणारं चाकांचं एक छोटं यंत्र. त्याला सगळे खेकडा म्हणायचे. आतला शिकाऊ पोरगा विमान जसं नेईल तसा तो खेकडा नकाशावर शाईची रेघ ओढत जायचा. मी बरोबर रस्त्याने गेलो, असं बाहेर येऊन सांगायची सोयच नव्हती. रेघ समोर होती! व्हायवाला एक्स्टर्नलने जर्नल उघडल्यावर आपलं जे होतं, तेच त्या पोरांचं व्हायचं. फरक एवढाच, की डब्यात काटा शून्यावर आला तरी झाकण उघडून पोरगा बाहेर यायचा, घाम पुसायचा आणि परत आत बसायचा.

न्यूअर्कचं धुकं

तरीसुद्धा लष्कराला हे पटायला माणसं मरावी लागली. फेब्रुवारी १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांकडून हवाई टपालाचं काम काढून घेतलं आणि लष्कराच्या हवाई दलाला दिलं. हिवाळा भयंकर होता. रात्री, बर्फात, ढगांत उडायची लष्करी पायलटांना सवय नव्हती. विमानंही त्यासाठी सज्ज नव्हती. अवघ्या अकरा आठवड्यांत साठाहून अधिक अपघात झाले आणि डझनभर माणसं गेली. देशभर बोंब झाली.

त्याच सुमारास लष्करी अधिकाऱ्यांनी लिंकला त्याचं यंत्र समजावून सांगायला न्यूअर्कच्या विमानतळावर बोलावलं. नेमकं त्या दिवशी दाट धुकं. एवढ्या धुक्यात विमान येणं शक्यच नाही, असं गृहीत धरून अधिकारी निघायच्या बेतात होते. तेवढ्यात धुक्यातून एक विमान खाली आलं आणि त्यातून लिंक उतरला. तो बिंगहॅम्टनहून उपकरणं बघत आला होता. यापेक्षा चांगलं प्रेझेंटेशन कुठल्या स्लाइडवर होणार? जून १९३४ मध्ये लष्कराने सहा ट्रेनर मागवले, प्रत्येकी साडेतीन हजार डॉलरला.

मग मात्र मागे वळून बघायला वेळच मिळाला नाही. इतर देशांनीही यंत्रं घेतली. युद्धाच्या आधी जपानच्या नौदलानेसुद्धा घेतली होती. यंत्राला देश नसतो, हेही इथे नोंदवायला हवं. कॅनडात कारखाना निघाला आणि ब्रिटन, कॅनडा व इतर राष्ट्रकुल देशांची पोरं त्याच डब्यात बसून शिकली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे दहा हजार ट्रेनर तयार झाले. कामाचा जोर असताना दर पाऊण तासाला एक यंत्र बाहेर पडत होतं. पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी त्यात धडे घेतले. निळं अंग आणि पिवळे पंख असलेल्या या डब्याला सगळीकडे निळा डबा हेच नाव पडलं. बॉम्बफेकी विमानांच्या अख्ख्या चमूला ताऱ्यांवरून रस्ता शोधायला शिकवण्यासाठी लिंकने पंचेचाळीस फूट उंच इमारतीएवढा ट्रेनरही बनवला. त्यात डोक्यावर खोट्या ताऱ्यांचं आकाश फिरायचं आणि खाली खोटी जमीन सरकायची.

युद्ध संपलं आणि जेट विमानं आली. जेटचा वेग एवढा, की विचार करायला सेकंदही मिळत नाही. त्याचं गणित भात्यांना झेपण्यासारखं नव्हतं. मग लिंकच्या कंपनीनेही भाते सोडून इलेक्ट्रॉनिक गणनायंत्रांचा आधार घेतला आणि जेटचे ट्रेनर बनवले. पुढे चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांनी ज्या सिम्युलेटरवर सराव केला, तेही याच कंपनीच्या वारसदारांनी बांधले. १९७९-८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक याचा फ्लाइट सिम्युलेटर घरगुती कॉम्प्युटरवर आला, १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा आला, १९९८ मध्ये एफ-१६ वाला फाल्कन ४.० आला. जत्रेतून निघालेला डबा लष्करात जाऊन, चंद्राला हात लावून, परत खेळ होऊन आपल्या टेबलावर आला.

आकाशातून पाण्यात

१९५४ मध्ये लिंकने कंपनी विकली. पैसा होता, नाव होतं. आराम करायला हरकत नव्हती. पण अशी माणसं आराम कसला करतात! हा समुद्रात उतरला. मॅरियनसह सी डायव्हर नावाच्या जहाजावर राहून बुडालेल्या गोष्टी शोधायला लागला. १९५९ मध्ये जमैकातल्या पोर्ट रॉयल इथे, १६९२ च्या भूकंपात समुद्रात गेलेल्या शहरातून, त्यांच्या चमूने एक पितळी घड्याळ वर काढलं. क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा त्याचे काटे बाराला सतरा मिनिटं कमी असताना थांबलेले होते. भूकंपाची वेळच सापडली म्हणा ना!

मग त्याला दुसरा प्रश्न छळायला लागला. माणूस समुद्राच्या तळाशी जास्त वेळ राहू का शकत नाही? १९६२ मध्ये त्याने ॲल्युमिनियमचं एक नळकांडं बनवलं आणि भूमध्य समुद्रात साठ फूट खोल त्यात स्वतः आठ तास राहून पाहिलं. तेव्हा त्याचं वय अठ्ठावन्न! आधी स्वतः आणि मग दुसरा, ही त्याची पद्धत. त्यानंतर रॉबेर स्तेन्वी हा बेल्जियन पाणबुड्या दोनशे फुटांवर चोवीस तासांहून जास्त राहिला. १९६४ मध्ये स्तेन्वी आणि जॉन लिंडबर्ग, म्हणजे अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गचा मुलगा, बहामाजवळ ४३२ फुटांवर रबरी तंबूत एकोणपन्नास तास राहिले.

पुढे सीवर्ड जॉन्सन या धनिकाच्या मदतीने लिंकने एक छोटी पाणबुडी बनवली. नाव जॉन्सन सी लिंक. १९७१ मध्ये ती पाण्यात उतरली. पुढे ॲक्रिलिकचा पारदर्शक गोल, त्यात चालक आणि एक निरीक्षक. मागे ॲल्युमिनियमची वेगळी खोली, त्यात दोन पाणबुडे.

१७ जून १९७३

त्या दिवशी फ्लोरिडात की वेस्टजवळ जॉन्सन सी लिंक सुमारे ३६० फूट खोल उतरली. माशांच्या अभ्यासासाठी तिथे नौदलाचं एक जुनं जहाज मुद्दाम बुडवलं होतं. आत चार माणसं होती. मागच्या खोलीत दोघं: अल्बर्ट स्टोव्हर आणि एड लिंकचा एकतीस वर्षांचा मुलगा एडविन क्लेटन. आईचं माहेरचं आडनाव त्याच्या नावात होतं. बापाच्या समुद्राच्या कामात तोही उतरला होता.

पाणबुडी जहाजाच्या लोंबत्या केबलमध्ये अडकली. वर सी डायव्हर जहाज, जहाजावर बाप. मदत मागवली. नौदलाचे पाणबुडे खाली गेले, पण जोरदार प्रवाहामुळे पोचू शकले नाहीत. दुसरी पाणबुडी आणली, तीही जमली नाही. शेवटी एका जहाजाने कॅमेरा आणि आकडा खाली सोडून तिला ओढून काढलं, तेव्हा तीस तासांहून जास्त वेळ गेला होता. पुढचे दोघं जिवंत होते. मागचे दोघं गेले होते.

कारण काय? पाणी नाही, दाब नाही. माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं रसायन दोन्ही खोल्यांत होतं. हे रसायन थंडीत नीट काम करत नाही. ॲक्रिलिकमधून उष्णता सहज जात नाही, म्हणून पुढची खोली उबदार राहिली आणि रसायन काम करत राहिलं. ॲल्युमिनियम उष्णतेचा उत्तम वाहक. खोल समुद्राच्या थंड पाण्याने मागची खोली गार पडली, रसायन मंदावलं आणि हवा विषारी झाली. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली थर्मल कंडक्टिव्हिटीची ती दोन ओळींची तक्त्यातली आकडेवारी. आपण ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि विसरतो. तिथे त्या दोन आकड्यांच्या फरकात दोघं जगले आणि दोघं गेले.

यंत्र लिंकचंच होतं. पाच लाख पोरांना ज्याने चूक करून परत यायची सोय दिली, त्याच्या स्वतःच्या पोराला ती मिळाली नाही. ही गोष्ट वाचताना आपण क्षणभर पुस्तक मिटून ठेवतो. पण ती फक्त दुःखाची म्हणून सोडून द्यायची नाही. तिच्यात इंजिनिअरिंगचं एक कटू सत्य आहे. सिम्युलेटरमध्ये फक्त त्याच चुका असतात, ज्या कोणाला तरी आधी सुचल्या किंवा कोणाकडून तरी आधी घडल्या. ढगात कान फसवतात हे माहीत झालं, म्हणून ते डब्यात घालता आलं. गार ॲल्युमिनियमच्या खोलीत अडकून पडणं अजून कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याचा सराव कुठेच नव्हता. परत सुरू करायचं बटण आपोआप येत नाही. प्रत्येक नव्या चुकीसाठी ते कोणीतरी नव्याने बनवावं लागतं, आणि बऱ्याचदा पहिल्या माणसाच्या वाट्याला ते येतच नाही.

मग बापाने काय केलं? एकोणसत्तरीला टेकलेला हा माणूस परत ड्रॉइंग बोर्डापाशी बसला. खोल पाण्यात अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणूस न पाठवता पोचेल, बघू शकेल, पकडू शकेल आणि केबल कापू शकेल असं यंत्र त्याने बनवलं. केबलला बांधलेलं, कॅमेरा, पकड आणि कातर असलेलं. त्या दिवशी की वेस्टला नेमकं जे नव्हतं, ते. आपल्या मुलासाठी उशीर झाला होता. पुढच्या कोणासाठी होऊ नये, एवढीच त्यामागची सोपी गोष्ट.

पाणबुड्यांचं कामही थांबलं नाही. १९७५ मध्ये दुसरी जॉन्सन सी लिंक आली. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळल्यावर समुद्रात त्याचे अवशेष शोधायच्या कामात याच पाणबुड्या उतरल्या होत्या. ते बघायला लिंक मात्र नव्हता. ७ सप्टेंबर १९८१ रोजी, ज्या गावात त्याने ऑर्गन जुळवले त्याच बिंगहॅम्टनमध्ये, तो गेला. पदवी नसलेल्या या माणसाच्या नावावर तेव्हा सत्तावीसहून अधिक पेटंट होती. त्या गावच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. २००० साली अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने त्याच्या निळ्या डब्याला ऐतिहासिक यंत्राचा मान दिला.

तर मंडळी, विमान कोसळलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. परत उडवायच्या आधी एवढं मात्र बघा, की ते का कोसळलं. वेग किती होता, नाक कुठे होतं, चाकं बाहेर होती का. खेकड्याची रेघ नीट वाचा. वर्कशॉपमध्ये, लॅबमध्ये आणि पुढे कामावर तुम्ही जे बनवाल, त्यात कोणाचा तरी मुलगा बसलेला असेल.